न पेटणारं जंगल

भाऊजी,

परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. भंतेजींचं झालं, तुमच्या खात्यातल्या लोकांचं झालं, सरपंचांचंही झालं. मग कोणीतरी म्हणालं, आता त्यांचे साळे बोलतील. मी माइक धरला, तुमची नोकरी किती वर्षांची, बदल्या कुठे कुठे झाल्या, मुलगी कुठे दिली, एवढं सांगितलं आणि खाली बसलो. लोकांनी माना डोलावल्या. ताईने मात्र माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. आंबागडची ती आग मी लावली होती. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, या एका शंकेवर मी वीस वर्षं काढली. तुम्ही हसलात तरी मला वाटायचं, का हसले? गप्प बसलात तर वाटायचं, आता काढतील विषय. कारखान्यात माझं कामच तपासणीचं. चांगला दिसणारा माल हातात घ्यायचा आणि यात खोट कुठे आहे ते शोधायचं. ती सवय घरी आली आणि सगळ्यात जास्त तुमच्या वाट्याला आली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तुमच्या खात्यातले अर्धे लोक तिकडे गेले, त्यानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा होता. तुम्ही भंडाऱ्यातच राहिलात आणि वनरक्षक म्हणून नेमके सासुरवाडीच्या बीटवर आलात. ताईला आनंद झाला. मी आईला म्हणालो, झालं, आता सरपणाची काडी आणायचीही चोरी. तुम्ही घरोघर फिरून एकच गोष्ट सांगायचात, मोहाखालचा पाला जाळू नका, झाडून काढा. मोहफूल पहाटे गळतं, वाळल्या पाल्यात पडलं की दिसत नाही, म्हणून आमच्याकडे पाला जाळून झाडाखालची जागा काळी करायची जुनी रीत. तुम्ही बाबांसाठी एक नवा खराटा पाठवला होता. तुमचं म्हणणं असं, की आपल्या माणसांना खराटा धरायची लाज वाटते, काडी लावायची वाटत नाही. मी म्हणायचो, लाजेचा नाही, वेळेचा प्रश्न आहे. त्यावर आपण किती भांडलो! तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. आज कबूल करतो, लाजेचाच होता.

त्या दिवशी मी वरठीहून एका दिवसाच्या सुट्टीवर आलो होतो. कारखान्यात नुकता लागलो होतो, अजून पक्का नव्हतो, आणि दुपारी दोनची पाळी गाठायची होती. सकाळी मोहाकडे निघालो. वाटेत तुमची जाळरेषा लागली. आग पुढे सरकू नये म्हणून जंगलातला एक पट्टा तुम्ही लोक आधीच जाळून मोकळा ठेवता, ती. त्या वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून ते काम मोहाच्या दिवसांपर्यंत लांबलं होतं आणि तुम्ही आदल्याच दिवशी तो पट्टा जाळला होता. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, चपला हातात घेऊन मी अनवाणीच त्या पट्ट्यावरून चालत गेलो. खराटा घरीच राहिला होता, म्हणजे मीच ठेवला होता. झाडाखालचा पाला पायाने गोळा केला, काडी लावली, जागा काळी झाली, विझल्यासारखं वाटलं आणि निघालो. तळ्यावर पाय धुतले, तुमसर रोडला गाडी धरली. वरठीला कपडे बदलायला खोलीवर गेलो तर खिशात खोलीची किल्ली नाही. लाल गोफात बांधलेली ती किल्ली तुम्ही माझ्या हातात कितीदा पाहिली होती. घरमालकाने हातोडीने कुलूप तोडून दिलं.

दुपारी वारा उठला आणि आंबागड किल्ल्याच्या अंगाचं सगळं जंगल गेलं. नवं रोपवन गेलं. मला दुसऱ्या दिवशी गाडीत गावच्या एका माणसाने सांगितलं, आणि हेही सांगितलं, की बाबांनी तुमच्या साहेबांसमोर हात जोडून 'मीच लावली' असं कबूल केलंय आणि त्यांच्या जावयानेच गुन्हा लिहिलाय.

बाबा त्या सकाळी धानाच्या बांध्यांत होते, झाडाकडे फिरकलेही नव्हते. ते कोणासाठी खोटं बोलले हे मला लगेच कळलं. निदान तेव्हा असं वाटलं. मी गावी गेलो ते खरं सांगायलाच, पण बाबा म्हणाले, "तू आपली नोकरी पाह्य," आणि मी ते ऐकलं. पुढे तुमसरच्या कोर्टाच्या तारखा, गावात पडलेलं 'आगलाव्या' हे नाव, सगळं बाबांनी सोसलं. आणि मी काय केलं? सगळ्यात मोठ्या आवाजात तुमच्यावर ओरडलो. स्वतःच्या सासऱ्यावर गुन्हा लिहिणारा जवाई, असं मी चारचौघांत म्हणालो, ताईच्या देखत. ती त्यानंतर तीन वर्षं माहेरी आली नाही. मला ते सोयीचं होतं, भाऊजी. तुमच्याशी भांडण चालू असलं म्हणजे तुमच्यासमोर बसावं लागत नव्हतं.

कारण माझ्या डोक्यात ती किल्ली होती. आग विझल्यावर जागेवर सर्वांत आधी तुम्ही पोचला होतात. तुम्ही खाली पाहत चालणारे. काळ्या जमिनीवर पडलेली किल्ली तुम्हाला दिसली नसेल, असं होईल का?

बाबा गेले, तेव्हा तुम्ही खांदा दिलात. पलीकडच्या खांद्याला मी होतो. तुम्ही रडत होतात, आणि मी मनात म्हणत होतो, हे दाखवायला तर रडत नाहीत?

मग दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्यावर एका रविवारी तुम्ही कारध्याच्या तुमच्या घरून माझ्या दारात आलात. हातात रेल्वेची दोन तिकिटं.

"चाल, तुले एक जंगल दाखवतो."

"जंगल? तुमी जिंदगीभर जंगलातच होते ना भाऊजी?"

"हे येगळं हाय. अरुणाचलच्या टोकावर. बारा महिने पाऊस. मी तीस वर्षं आगी इझवल्या. आता एक जंगल असं पाहाचं हाय, जे पेटतच नाई."

"मंग ताईले न्या."

"तिचे गुडघे दुखते. अन् मले तूच पायजे."

'मले तूच पायजे' हे ऐकलं आणि मी तिकिटांवरची नावं पुन्हा पुन्हा वाचली. जायला नको होतं. पण नाही म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, की मी घाबरतो. ताईने जाताना धपाटे आणि जवसाची चटणी बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यायच्यावर ध्यान ठेव रे. काहीतरी मनात घेऊन निंघाले हायेत." म्हणजे तिलाही शंका होतीच, फक्त ती तुमच्या काळजीची होती आणि माझी माझ्या.

वरठीहून आपण हावड्याची गाडी धरली. बिलासपूरच्या पुढे तुम्ही खिडकीबाहेर पाहत सहज म्हणालात, "तू वरठीले पयले भाड्याच्या खोलीत रायत होता ना? त्या खोलीचं कुलूप तोडलं होतं म्हणे तुनं." हे तुम्हाला कोणी सांगितलं? ताईने? घरमालकाने? मी म्हणालो, "असंल, आठवत नाई." तुम्ही "हव" म्हणालात आणि डोळे मिटले. पुढचा सगळा प्रवास मी तो एक 'हव' उलटापालटा करून पाहिला. नंतर आणखी दोन गाड्या बदलल्या, जीप केली. राज्याच्या सीमेवर परवान्याचा फॉर्म तुम्ही माझ्यासाठीही भरलात आणि येण्याच्या कारणापुढे काय लिहिलंत ते मला दिसू दिलं नाहीत, असं मला वाटलं. परवाना परत करताना वाचलं तर 'जंगल पाहणे' एवढंच होतं.

त्या जंगलाचं नाव मला अजून धड घेता येत नाही. ताई त्याला तुमचं पावसाचं जंगल म्हणते. आपल्याकडे जंगलात सूर्य उगवतो नि मावळतो, तिथे दिवसभर संध्याकाळच. झाडांच्या बुंध्यांना भिंतीएवढाल्या मुळ्या, त्यांच्यावर शेवाळ, शेवाळावर पुन्हा दुसरं झाड. वाटाड्या साठीतला होता, आपण त्याला चाचा म्हणायचो. जळवा चढू नयेत म्हणून त्याने आपल्या मोज्यांत तंबाखू भरायला लावली. तुम्ही हसत भरलीत. मी आधी तंबाखूचा वास घेऊन पाहिला. चाचा मुद्दाम लांबच्या वाटेने नेतोय असं मी दोनदा तुमच्या कानात सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे, त्याचं घर हाय ते. त्याले नेऊ दे." झाडांच्या शेंड्यांतून हुलॉक वानरांच्या आरोळ्या आल्या की तुम्ही तोंड उघडं टाकून वर पाहायचात. त्या वेळी तुम्ही इतके निरागस दिसायचात, की मला स्वतःचीच चीड यायची.

चालताना तुम्ही मध्येच थांबायचात, पाय उचलून पुन्हा ठेवायचात. "पाला वाजत नाई इथी," तुम्ही म्हणालात. आपल्या जंगलात उन्हाळ्यात ससा हलला तरी पाला वाजतो, तीस वर्षं तुम्ही त्या आवाजावर काढलीत. इथे घोटाभर पाला होता, पण सगळा ओला. तुम्ही चाचाला विचारलंत, इधर आग नहीं लगता? तो म्हणाला, "काटके धूप में सुखाओ तो जलेगा साब. खड़ा जंगल कैसे जलेगा?" हे तुम्ही त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला होता. चाचा नदीवर पाण्याला गेला आणि तुम्ही मला हाक मारलीत. एका मोठ्या मुळीच्या आडोशाला तुम्ही पाल्याचा ढीग केला होता, अगदी आपण मोहाखाली करतो तसा, आणि हातात काडीपेटी होती. मला वाटलं, आता हे मला काडी देणार आणि म्हणणार, लाव, तुले येते.

"भाऊजी, येड लागलं काय? राष्ट्रीय उद्यान हाय हे. दोघंही आत जाऊ!"

"बस. मले पाहू दे."

पहिली काडी विझली. दुसरी पाल्याला लागली, फुस्स झाली. तिसरी, चौथी. तुम्ही खाली वाकून फुंकर घालत होतात आणि पाला नुसता धुरकट होऊन पुन्हा ओला दिसत होता. सगळ्यांना आगी लावू नका सांगणारा माणूस गुडघ्यांवर बसून आग लावायला बघत होता, आणि ती लागत नव्हती. दहाव्या काडीला तुम्ही हसायला लागलात. मग हसता हसता तुमचे डोळे भरून आले.

"पाह्य," तुम्ही म्हणालात, "मी इथी गार्ड असतो, तं कोणाचं वाटोळं झालं नसतं."

मग तुम्ही सांगितलंत. मी शब्द विसरलेलो नाही. "आंबागडची आग माह्यी होती, मनोहर. जाळरेषा उशिरा जाळली. एखादं खुंट धुमसत रायलं असंल, मी पाणी टाकाले पायजे होतं, नाई टाकलं. दुसऱ्या दिवशी वारा आला. तुह्या बाबानं मले पाह्यलं, माह्यं तोंड पाह्यलं, अन् सायबासमोर म्हणाला, मीच लावली. माह्या नोकरीसाठी. अन् मी त्याच्यावरच गुन्हा लिवला रे. माह्या हातानं."

तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे पाहत राहिलात.

माझ्या मनात तेव्हा काय काय आलं ते सगळं सांगतो, आता लपवून काय करू. आधी वाटलं, सुटलो, यांना काहीच माहीत नाही. लगेच वाटलं, हे गळ टाकताहेत. स्वतःवर घेतलं की मी तोंड उघडेन असं यांना वाटतंय. आणि मग तिसरी गोष्ट मनात आली, तिने मला आजवर सोडलेलं नाही. बाबांनी ते नक्की कोणासाठी केलं? माझ्यासाठीच, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण ते बांध्यांत होते, मी काडी लावताना त्यांनी पाहिलं नव्हतं. मला त्यांनी एवढंच म्हटलं होतं, तू आपली नोकरी पाह्य. कदाचित त्यांनीही तुमचीच जाळरेषा पेटली असं धरलं असेल आणि आपल्या लेकीचा संसार वाचवला असेल. भाऊजी, त्या क्षणी मला तुमचा हेवा वाटला. तुम्ही समोर रडत होता आणि मी बाबा कोणाचे जास्त, याचा हिशोब करत होतो.

आणि तोंडाने काय म्हणालो? "जाऊ द्या भाऊजी. जुनी गोठ हाय."

तुम्ही मान हलवलीत. मग जळक्या काड्या एकेक करून शोधल्यात, पेटीत परत ठेवल्यात, ढीग हाताने पसरून दिलात. जंगलात कचरा टाकायचा नाही, ही तुमची सवय. चाचा आला तेव्हा आपण दोघे मोज्यांतली तंबाखू बदलत होतो.

परत आल्यावर आपलं जमलं. लोकांना आश्चर्य वाटलं. दर रविवारी मी मोटरसायकल काढून कारध्याला यायचो, वैनगंगेच्या काठाने आपण फिरायचो, ताई म्हणायची, "त्या पावसाच्या जंगलात काय जादू हाय बाप्पा, साळा-भाटवा सोबत जेवून राहिले." ती दोन वर्षं तुम्ही मला दिलीत, त्याचे आभार मानायलाही माझी जीभ कधी उचलली नाही. तुम्हाला वाटत होतं, मी तुम्हाला माफ केलंय. मी माफ करणाऱ्याच्या जागेवर ऐटीत बसून ताईच्या हातचं जेवत होतो. एकदा मी सांगणारही होतो. पुलावर उभे होतो. तुम्ही म्हणालात, "तू मले बोलला नाई कधी, ते बरं केलं." त्यानंतर कसं सांगू?

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी सकाळी ताई चहा आणायला खाली गेली होती. खोलीत आपण दोघेच. तुम्ही विचारलंत, "तिकडं आता पाऊस चालू असंल, नाई?" मी म्हणालो, "असंल ना. बारा महिने असते." तुम्ही म्हणालात, "पेटत नाई, बरं हाय." अर्धं मिनिट लागलं असतं, भाऊजी. मी तुमच्या अंगावरची चादर नीट केली.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी ताईने तुमची लोखंडी पेटी माझ्यापुढे ठेवली. पेन्शनचे कागद हवे होते. कागद वरच होते, ते मी बाजूला ठेवले आणि पेटी उपसायला लागलो. टोपी, शिट्टी, जुने नकाशे, ती काडीपेटी, ओलाव्याने फुगून वाळलेली, आत दहा जळक्या काड्या. मी किल्ली शोधत होतो. वीस वर्षं जिला घाबरलो, ती लाल गोफाची किल्ली पेटीत असावी म्हणून मी कोपरे चाचपत होतो. ती सापडली असती तर तुम्हाला सगळं ठाऊक होतं असं झालं असतं. मग त्या पाल्यापुढे तुम्ही जे बोललात ते माझ्यासाठी जागा करून द्यायला बोललात असं झालं असतं, आणि तुम्ही मोकळे गेलात असं मला म्हणता आलं असतं. मी पेटी उलटी केली. अस्तराचा कागद फाडला. किल्ली नव्हती.

"काय ढुंढून राहिला रे?" ताईने विचारलं.

मी सांगितलं. पेटीपाशी बसूनच, सगळं. काडी, खराटा, बाबा, तुम्ही तिथे बोललात तेही. ती तुमची टोपी हातात घेऊन ऐकत होती. मला वाटलं ती ओरडेल, मारेल. तिने टोपीवरची धूळ पदराने पुसली.

"मले कायले सांगतं?" ती म्हणाली. "मले तं नवरा अन् भाऊ दोघंही आपलेच होते. त्यायले सांगाले पायजे होतं. झोपेत खुंट-खुंट म्हणत होते ते, मनोहर. आखरीपर्यंत."

एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. माझ्यासाठीही ठेवला, आणि तो प्यायला मला फार जड गेलं.

म्हणून हे लिहितोय. तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मलाही कळतं. पण जगात एकच माणूस होता ज्याला तुमच्या त्या खुंटाचं खरं माहीत होतं, आणि तो रविवारी तुमच्या शेजारी बसून जेवत होता. त्या सकाळी तुमची जाळरेषा मी या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चाललो. मोहाकडे जायला तीच मोकळी वाट होती. धूर कुठेच नव्हता. एकही खुंट धुमसत नव्हतं. रात्रीचं दंव पडून राख ओली झाली होती, बोटांमध्ये चिखलासारखी चिकटली, म्हणून तर तळ्यावर पाय घासून धुवावे लागले. तुम्ही तुमचं काम नीट केलं होतं.

राख थंड होती, भाऊजी.